स्वरांतली थंडी नेमकी कुठे असते?

प्रश्न असा आहे: 'विवाल्डीच्या "फोर सीझन्स"मधलं "विंटर" ऐकलं आणि खरोखर अंगावर शहारा आला. पण नंतर शंका आली. ही थंडी त्या संगीतात आहे, की शीर्षक आधी वाचलं म्हणून मला ती वाटते? हिवाळ्यावरच्या आणखी कोणत्या पाश्चात्त्य अभिजात रचना ऐकाव्यात? आणि माझी मुलगी व्हायोलिन शिकते आहे, तिने "विंटर" कधी वाजवायला घ्यावं?'

मी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते आणि शिकवतेही. त्यामुळे या रचना मला बाहेरून जितक्या माहीत आहेत, त्याहून जास्त हातातून माहीत आहेत. तुमची शंका रास्त आहे. तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण पुढची यादी तिच्या उत्तरातूनच निघते.

हिवाळ्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. पाऊस वाजत येतो, वीज कडाडते, वसंतात पक्षी गातात. संगीतकाराला या ऋतूंत निदान काहीतरी आयतं मिळतं. आपल्याकडेही मल्हाराचे प्रकार आणि बसंत-बहाराच्या बंदिशी मोजायला घेतल्या तर हिवाळा त्यांच्या आसपासही फिरकत नाही. बर्फ तर पडताना मुळीच वाजत नाही. उलट ताज्या भुसभुशीत बर्फाच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, आणि तो थर आजूबाजूचा आवाज शोषून घेतो. म्हणजे ज्याचं चित्र स्वरांत काढायचं, तीच गोष्ट आवाज पुसून टाकणारी. हिवाळ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक संगीतकारासमोर ही अडचण उभी राहते, आणि ती त्याने कशी सोडवली हे पाहण्यात या संगीताची खरी गंमत आहे.

सतराव्या आणि अठराव्या शतकातल्यांनी सरळ उपाय काढला: हिवाळा वाजत नसेल, पण थंडीने कुडकुडणारा माणूस वाजतो. फ्रान्समध्ये लुली या संगीतकाराच्या 'इसिस' या १६७७ च्या ऑपेरात गोठलेल्या प्रदेशातल्या लोकांचा एक कोरस आहे. ते लोक कुडकुडतच गातात, एकेका अक्षरावर तोच स्वर थरथरत पुन्हा पुन्हा येतो. चौदा वर्षांनी, १६९१ मध्ये, इंग्लंडमध्ये पर्सेलने 'किंग आर्थर'मध्ये हीच कल्पना घेतली. त्याने लुलीकडूनच ती उचलली असावी असं बहुतेक जण मानतात. पण तिचं त्याने जे केलं ते ऐकून मी आजही थक्क होते.

प्रसंग असा: बर्फाखाली झोपलेल्या थंडीच्या देवतेला प्रेमाचा देव जागं करतो. ती देवता खर्जातल्या आवाजात विचारते, मला इथून उठवणारी ही कोणती शक्ती, आणि विनवते, मला पुन्हा गोठून मरू दे. गायकाच्या आणि तंतुवाद्यांच्या, दोघांच्याही स्वरांवर पर्सेलने नागमोडी रेघा काढल्या आहेत. त्या रेघांचा अर्थ काय, यावर वाजवणाऱ्यांत आजही एकमत नाही. काही जण प्रत्येक स्वर तुटकपणे, नवा झटका देऊन वाजवतात. काही जण गज, म्हणजे बो, एकाच दिशेने ओढत असतानाच त्यावर हाताने लाटांसारखा दाब देतात, स्वर तुटत नाही, फक्त हेलकावतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. तुटक वाजवलं की ते विनोदी होण्याचा धोका असतो, दात वाजवणारं पात्र समोर उभं राहतं. दाब देऊन वाजवलं की स्वराच्या आतूनच थरथर येते, जणू ती थांबवायचा प्रयत्न चालू आहे आणि ती थांबत नाही.

पण खरी थंडी त्या थरथरीत नाही, खालच्या सुरावटीत आहे. सी मायनर या उदास छटेच्या पट्टीत सुरू झालेली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत राहतात, कुठे टेकावं हे कानाला कळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध आणि कोमल स्वर एकमेकांच्या इतक्या लगत येतात, की मनात षड्ज पक्का बसतच नाही. गोठलेलं शरीर उठायला बघतं आणि उठता येत नाही, हे त्या सरकण्यात आहे. शीर्षक न सांगता हे कुणाला ऐकवा. 'थंडी' हा शब्द कदाचित येणार नाही. पण 'जड', 'आजारी', 'मरणाचं' असं काहीतरी येईलच.

आता विवाल्डी. 'फोर सीझन्स' १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलं गेलं, आणि प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत छापलेलं आहे. कवीचं नाव दिलेलं नाही. त्या सुनीताच्या ओळी तुकडे करून थेट स्वरलिपीत, त्या-त्या जागेच्या वर बसवलेल्या आहेत. म्हणजे शीर्षकावाचून श्रोत्याला कळेल असा भरवसा खुद्द विवाल्डीनेही ठेवला नव्हता. बर्फात गोठून थरथरणं, भयंकर वाऱ्याचा झोत, धावणं आणि गारठ्याने पाय आपटणं, मग कडाक्याने दात वाजणं, हा सगळा पहिल्याच भागाचा क्रम आहे आणि तो वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छापलेला असतो.

सुरुवातीला कसलीही चाल नाही, हे लक्षात घ्या. खालच्या पट्टीत एकच स्वर सारखा टिकटिकत राहतो. मग त्यावर दुसरं वाद्य येतं, आधीच्या स्वराला खेटून, खुपणारं. मग तिसरं, मग चौथं. खालून वर थर चढत जातो आणि प्रत्येक थराबरोबर ताण वाढतो. कानाला चाल हवी असते आणि ती मिळत नाही. आमच्या हातांना इथे सगळ्यांत अवघड काय असतं, तर काहीच न करणं. सवयीने डाव्या हाताचं बोट थरथरतं, त्याला आम्ही व्हायब्रॅटो म्हणतो. त्याने स्वराला ऊब येते. इथे ते बोट पूर्ण स्थिर ठेवायचं. गज कमी ओढायचा, जोर सगळ्यांचा सारखा, आणि कुणीही 'सुंदर' वाजवायचं नाही. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे अनेक गट हा भाग गज घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, अगदी जवळ नेऊन वाजवतात. त्याने स्वराचा गाभा निघून जातो आणि वरची खरखरीत, काचेसारखी किनार तेवढी उरते. स्वरलिपीत तसं लिहिलेलं नाही. मला ते पहिल्यांदा ऐकताना फार आवडतं, पण दर वेळी तेच केलं की तो ठरलेला चटका होऊन बसतो. थर नीट रचला तर घोडीजवळ न जाताही गारठा येतो.

तुमच्या शंकेची खरी परीक्षा इथेच आहे. विवाल्डी झपाट्याने तेच ते स्वर वाजवण्याची युक्ती 'विंटर'मध्ये वापरतो, आणि 'समर'च्या शेवटी गारपिटीच्या वादळासाठीही तीच वापरतो. गज तोच, हात तोच. मग एक थंडी आणि दुसरं उन्हाळी वादळ कसं? माझं उत्तर असं: युक्तीला स्वतःचा अर्थ नसतो, तिच्याभोवती काय ठेवलं यावर अर्थ ठरतो. 'समर'च्या वादळात ते स्वर कोसळतात, धावत खाली येतात, मोठ्याने येतात. 'विंटर'च्या आरंभी ते जागच्या जागी राहतात. हालचाल भरपूर आणि सरकणं शून्य, यालाच तर कुडकुडणं म्हणतात. म्हणून तुमच्या अंगावर आलेला शहारा निव्वळ शीर्षकाचा नव्हता. शीर्षकाने तुम्हाला 'थंडी' हा शब्द दिला. शरीराने जे ओळखलं ते स्वरांत होतंच.

दुसरा भाग, लार्गो, शेकोटीजवळचा आहे. बाहेर पाऊस पडतो आहे, तो व्हायोलिनची मंडळी तारा बोटांनी छेडून दाखवतात, आणि आत एकल व्हायोलिन एक लांब, निवांत चाल गातं. हा भाग किती संथ घ्यावा यावर भांडणं आहेत. काही कलाकार तो सव्वा मिनिटात संपवतात, काही दोन मिनिटांहून जास्त घेतात. मी वेगवानांच्या बाजूने आहे. फार संथ घेतलं की पावसाचे थेंब वेगवेगळे मोजता येतात, पाऊस राहत नाही, आणि एकलवादक स्वतःच्याच सुरात विरघळायला लागतो. तिसऱ्या भागात बर्फावरून जपून पावलं टाकणं आहे. तिथे खर्जात एकच स्वर लांबवर धरून ठेवलेला असतो आणि त्यावर एकटं व्हायोलिन चाचपडत जातं. मग घसरणं, आपटणं, उठून पुन्हा धावणं, बर्फाला तडा जाणं, आणि शेवटी सगळे वारे एकमेकांवर तुटून पडतात. सुनीताची शेवटची ओळ म्हणते की हिवाळा असा असतो, तरी तो आनंदही आणतो. शेवटचं वादळ वाजवताना मला ते पटतं.

घंटा लावलेल्या घसरगाड्यांचं संगीत मी पटकन उरकते, कारण त्यात थंडीपेक्षा सुट्टीचा मूड जास्त आहे. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५५ मध्ये घुंगरांसकट घसरगाडीच्या सहलीवर एक रचना केली, तीत थंडीने कापणाऱ्या बाईचाही एक तुकडा आहे. मुलाने १७९१ च्या एका जर्मन नृत्यात सुरात लावलेल्या घंटा वापरल्या. प्रोकोफिएवची 'लेफ्टनंट किझे'मधली 'ट्रॉइका' त्याच घराण्यातली. ऐकायला छान, समजावून सांगण्यासारखं फारसं काही नाही. हायडनच्या 'सीझन्स'मधला हिवाळा मात्र सोडू नका. १८०१ मध्ये ते पहिल्यांदा सादर झालं तेव्हा हायडन ६९ वर्षांचा होता. हिवाळ्याच्या सुरुवातीला वाद्यवृंद दाट धुकं रंगवतो, हे स्वरलिपीतच लिहिलेलं आहे. पुढे बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशाचं गाणं येतं. तो कुठे वळावं हे न कळून भेदरलेला असतो, आणि मग त्याला दूरवर दिवा दिसतो. त्या क्षणी मायनरचं मेजर, म्हणजे उजळ छटेची पट्टी, होतं. युक्ती साधी आहे, पण तोवर हायडनने आपल्याला इतकं चुकवलेलं असतं की ती प्रकाशासारखी लागते.

त्या प्रवाशाला दिवा दिसला नसता तर काय, याचं उत्तर शूबर्टने १८२७ मध्ये लिहिलं.

'विंटररायझ', म्हणजे हिवाळ्यातला प्रवास, हा एक आवाज आणि पियानो यांच्यासाठीचा २४ गाण्यांचा संच आहे. कविता विल्हेल्म म्युलरच्या. शूबर्टला आधी त्यातल्या बाराच मिळाल्या होत्या, उरलेल्या नंतर हाती लागल्या. दोघे कधी भेटले नाहीत. म्युलर १८२७ मध्येच गेला, वयाच्या ३२ व्या वर्षी. शूबर्ट पुढच्या वर्षी, ३१ व्या. संचाच्या दुसऱ्या भागाची मुद्रितं त्याने शेवटच्या आजारपणात तपासली. मित्रांना ही गाणी पहिल्यांदा ऐकवली तेव्हा ते गोंधळून गेले. एकाने तर फक्त 'लिंडेनचं झाड' हे एकच गाणं आवडलं असं सांगितलं. शूबर्ट म्हणाला, मला ही गाणी माझ्या बाकी सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त आवडतात आणि तुम्हालाही एक दिवस आवडतील.

इथे थंडी रंगवण्याची पद्धतच बदलते. कुडकुडणं नाही, दात वाजणं नाही. आहे ते चालणं. पहिल्या गाण्याच्या हस्तलिखितात शूबर्टने लयीबद्दल 'चालण्याच्या गतीने' असं लिहिलं आहे, आणि पियानोचे सारखे पडणारे स्वर पहिल्या बारपासून, म्हणजे मात्रांच्या पहिल्याच गटापासून, पावलं टाकायला लागतात. प्रेम तुटलेला एक माणूस रात्री घर सोडून निघतो, दारावर 'शुभ रात्री' लिहून. शेवटच्या कडव्यात मायनरचं मेजर होतं. पण हायडनसारखा दिवा दिसला म्हणून नाही, तिची झोप मोडू नये म्हणून. मेजर इतकं दुःखी असू शकतं हे मला या गाण्याने शिकवलं.

पुढे 'गोठलेले अश्रू'मध्ये पियानोचे स्वर सुटे, कोरडे आणि ठेक्याच्या बाजूला पडतात. 'नदीवर' या गाण्यात तो गोठलेल्या नदीशी बोलतो: इतकी खळाळणारी तू, किती शांत झालीस. नेमक्या त्या ओळीवर संगीत ई मायनरमधून अर्धा स्वर खाली, डी शार्प मायनरमध्ये घसरतं, आणि शूबर्ट तिथे अतिशय दबक्या आवाजात गायला सांगतो. पायाखालचा बर्फ दिसायला घट्ट असतो, पण गाणाऱ्याचा सूर आत कुठेतरी हललेला असतो. मग तो स्वतःच्या हृदयाला विचारतो, या नदीत तुला स्वतःचं रूप दिसतं का? हिवाळा आता बाहेरचा राहिलेला नाही.

शेवटचं, चोविसावं गाणं म्हणजे रस्त्यावर हाताने फिरवायचं वाद्य वाजवणारा म्हातारा. अनवाणी, बर्फावर, वाटी रिकामी, कुत्री गुरगुरताहेत, आणि तो थांबत नाही. पियानोचा डावा हात आख्ख्या गाण्यात दोनच स्वर धरून बसतो, आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम. तानपुरा लागलेल्या कानाला ही जागा लगेच आपली वाटते, आणि लगेच परकीही. आपल्याकडे सा-प म्हणजे घर. तेच दोन स्वर इथे घर नसण्याची खूण झाले आहेत, कारण मध्ये गंधार नाही, वर काही उमलत नाही, फक्त तेच फिरत राहतं. पहिल्या दोन बारमध्ये त्या पंचमाला खालून एक छोटासा बेसूर झटका आहे, जणू जुनं वाद्य फिरायला लागताना किरकिरतं. मग तो झटका पुन्हा येत नाही. पियानोवादकांनी हे दोन झटके गोड करून वाजवले की मला वाईट वाटतं. ते ओबडधोबडच हवेत. गाणं एका प्रश्नावर संपतं: म्हाताऱ्या, मी तुझ्याबरोबर येऊ का?

'विंटररायझ' एका बैठकीत ऐका. साधारण सव्वा तास लागतो. सुटी गाणी ऐकणं चुकीचं नाही, पण चालण्याचा थकवा साठत जायला हवा, तो सुट्या गाण्यांत साठत नाही. कवितांचा अर्थ मात्र आधी वाचून घ्या, इथे शब्दांवाचून चालणार नाही.

रशियनांकडे वळण्याआधी शीर्षकांबद्दल एक गोष्ट. शोपाँच्या ओपस २५ मधल्या अकराव्या एत्यूदला, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीच्या रचनेला, सगळे 'विंटर विंड' म्हणतात. ते नाव शोपाँचं नाही, नंतर चिकटलेलं आहे. चार बार शांत, एकाकी चाल, आणि मग उजव्या हाताचा झंझावात. वारा म्हणा, लाटा म्हणा, नुसता क्रोध म्हणा, स्वर कशालाच नाही म्हणत नाहीत. लिस्टच्या 'ट्रान्सेंडेंटल' एत्यूदांपैकी शेवटच्या बाराव्याचं नाव मात्र त्याच्या १८५२ च्या आवृत्तीत छापलेलंच आहे, उडणाऱ्या बर्फाचा लोट असा त्याचा अर्थ. आणि त्यात थरथरत्या स्वरांखाली चाल हळूहळू बुजत जाते. इथे नाव आणि स्वर एकच काम करतात. शोपाँमध्ये नावाने श्रोत्याची वाट अरुंद केली, असं माझं मत आहे.

चायकोव्हस्कीची पहिली सिंफनी १८६६ ची. रात्र-रात्र जागून ती लिहिताना त्याची प्रकृती बिघडली होती. तिला त्यानेच 'हिवाळी स्वप्नं' असं नाव दिलं, पहिल्या भागाला 'हिवाळ्यातल्या प्रवासाची स्वप्नं'. सुरुवात ऐका: व्हायोलिनांची अगदी हलकी थरथर आणि तिच्यावर एकच चाल बासरी आणि बॅसून हे खर्जातलं फुंकवाद्य मिळून वाजवतात, एकमेकांपासून दोन सप्तकांच्या अंतरावर. मध्ये कुणी नाही. वाद्यवृंदात मधली जागा भरणं म्हणजे ऊब देणं, तिथे व्हायोला, हॉर्न, चेलो यांचा गरम आवाज राहतो. ती रिकामी ठेवली की मोकळा माळ दिसायला लागतो. यामागे निसर्गाचंही एक सत्य आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि दूरवरचंही ऐकू येतं. जवळचं मात्र बर्फ गिळून टाकतो. दूरचं स्पष्ट आणि जवळचं दबलेलं, हा विचित्र अनुभव चायकोव्हस्कीने वाद्यांच्या मांडणीतून उभा केला आहे. त्याच्याच 'नटक्रॅकर'मधल्या हिमकणांच्या वॉल्ट्झमध्ये शब्दांवाचून गाणाऱ्या मुलांचा कोरस येतो, तोही जरूर ऐका.

प्रोकोफिएवचं 'अलेक्झांडर नेव्हस्की' तुमच्या शंकेसाठी फार चांगला पुरावा आहे. गोठलेल्या तलावावरच्या १२४२ च्या लढाईचा हा प्रसंग आयझेनस्टाइनच्या १९३८ च्या चित्रपटातला. त्याचं चित्रीकरण भर उन्हाळ्यात, खोट्या बर्फावर झालं होतं. पडद्यावर थंडी नव्हतीच, ती बरीचशी स्वरांनी आणली. पुढे १९३९ मध्ये त्याची कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, झाली. लढाईच्या आधीचे क्षण ऐका: व्हायोला घोडीजवळ गज नेऊन थरथरतात, तेच मघाचं खरखरीत काचेसारखं टोक, पण इथे लिहून मागितलेलं. त्याखाली खर्जातली जडशीळ वाद्यं. शत्रू अजून दिसलेला नाही. पट्टीच्या वादकांनाही ही जागा अवघड जाते, कारण घोडीजवळ आवाज घसरतो आणि एकालाही तो घसरून चालत नाही.

आता देब्यूसी. पियानोसाठीच्या त्याच्या पहिल्या प्रिल्यूड-संचात, १९१० च्या, सहावी रचना आहे 'बर्फावरची पावलं'. ती अडीच पानांपेक्षा मोठी नाही. डीला षड्ज धरलं तर सगळी रचना सा-रे, रे-कोमल गंधार एवढ्याशा पावलावर उभी आहे. ते पाऊल अडखळतं, कारण दुसरा स्वर उशिरा पडतो. देब्यूसीने खाली सूचना लिहिली आहे, की या लयीला उदास, गोठलेल्या प्रदेशाच्या पार्श्वभूमीचं ध्वनिमूल्य असावं. शूबर्टचा माणूस चालत होता. इथे माणूस दिसत नाही, पावलंच उरली आहेत, आणि वरची चाल येते ती कुणाची तरी आठवण आल्यासारखी, अर्धवट. शांतता रंगवण्याचा हा पहिला खरा प्रयत्न मला वाटतो. विद्यार्थी ही रचना सोपी समजून घेतात, स्वर सोपेच आहेत. पण ते एक पाऊल प्रत्येक वेळी त्याच वजनाने आणि तरी जिवंत टाकणं, याला वर्षं लागतात.

वॉन विल्यम्सने १९४८ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवरच्या चित्रपटाला संगीत दिलं, आणि त्यातून त्याची सातवी सिंफनी, 'सिंफोनिया अंटार्टिका', उभी राहिली. ती १९५३ मध्ये मँचेस्टरला पहिल्यांदा वाजली. तीत वाऱ्याचा आवाज काढणारं यंत्र आहे, शब्दांवाचून गाणाऱ्या स्त्रिया आहेत, चेलेस्टा, व्हायब्राफोन यांची किणकिण आहे. वाऱ्याच्या यंत्रामुळे काही जण तिला चित्रपटाचंच संगीत म्हणून बाजूला ठेवतात. मला ते मान्य नाही. तिसऱ्या भागात, 'लँडस्केप'मध्ये, सगळं थिजलेलं असताना अचानक ऑर्गन पूर्ण ताकदीने उघडतो, आणि माणसाला तिथे काहीच किंमत नाही हे त्या आवाजात कळतं. ते चित्रपटावर अवलंबून नाही.

आणि आपल्या काळातला हान्स आब्राहमसन. या डॅनिश संगीतकाराची 'श्ने', म्हणजे 'बर्फ', ही रचना २००८ मध्ये पूर्ण झाली. नऊ वादक, दहा कॅनन, म्हणजे एकाच चालीचा पाठलाग करणाऱ्या दहा रचना, जोड्या-जोड्यांनी. पहिल्या दीर्घ आहेत, पुढच्या छोट्या होत जातात. सुरुवातीला व्हायोलिन तारेला नुसता स्पर्श करून निघणारे उंच, पातळ स्वर वाजवतं, ऐकू येतात न येतात इतके. मध्ये-मध्ये वादक थांबतात आणि श्रोत्यांसमोरच आपली वाद्यं किंचित उतरवून घेतात, तेही रचनेत धरलेलं आहे. परत सुरू होतं तेव्हा जग थोडं खाली सरकलेलं असतं. तालवाद्यवाला एका जागी कागद घासतो. तो आवाज बर्फाचा नाही, कारण बर्फाला आवाज नाही, तरी तो ऐकून ओठ सुकतात. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा आला तर दहा मिनिटांनी सोडा आणि काही दिवसांनी परत या. त्याचीच 'लेट मी टेल यू' ही सोप्रानो आणि वाद्यवृंदासाठीची २०१३ ची रचना पोचायला सोपी आहे. तिचा शेवटही बर्फातच होतो.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर पर्सेल आधी, मग 'विंटर', दोन्ही शीर्षक विसरायचा प्रयत्न करून. मग देब्यूसी. 'विंटररायझ'ला वेगळी संध्याकाळ द्या. बाकीचं हवं तसं.

मुलीबद्दल. तिला लार्गो आधी द्या, तिसरी पोझिशन (डावा हात मानेवर पुढे सरकवून वाजवणं) स्थिर झाली आणि लांब गज न थरथरता ओढता आला की लगेच. ती चाल मोठ्या फ्रेझमध्ये गाता येणं हे पुढच्या सगळ्या वाजवण्याचं भांडवल आहे. मागचा पाऊस तुम्ही पियानोवर किंवा रेकॉर्डिंगवर लावा, एकटीने वाजवलं तर ती हळूहळू संथ होत जाईल. पहिल्या भागाची घाई करू नका. दात वाजण्याच्या जागी दोन तारा एकदम धरून (यालाच डबल स्टॉप म्हणतात) झपाट्याने वाजवाव्या लागतात. मनगट मोकळं नसताना मुलं तिथे खांदा आवळतात आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. डबल स्टॉप सुरात लागेपर्यंत आणि जलद गजात हात सैल राहीपर्यंत थांबा. तोवर तिला सुरुवातीचा तो टिकटिकणारा भाग दुसऱ्या व्हायोलिनचा म्हणून वाजवायला द्या, शिक्षकांबरोबर किंवा वर्गातल्या मुलांबरोबर. तांत्रिकदृष्ट्या तो तिला आजही जमेल. व्हायब्रॅटो बंद, सगळ्यांचा जोर सारखा, आणि शेजारचा खुपणारा स्वर लागला तरी आपला न सोडणं, हे तिला तिथेच शिकता येईल.